सतराव्या होलवरचा नमस्कार

मृणालिनीला गोल्फ कधी आवडलं नाही, आणि तिनं ते कधी लपवलंही नाही. "एवढासा बॉल, एवढंसं भोक, आणि मध्ये मैलभर गवत! याला खेळ म्हणायचं की पायपीट?" असं ती हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या मराठी मंडळींत येताजाता म्हणायची आणि सतीशकडे, म्हणजे नवऱ्याकडे, तिरका कटाक्ष टाकायची. ऑफिसातल्या डच लोकांबरोबर सतीश हे खूळ शिकून आला होता आणि आठ वर्षांच्या लेकीच्या, उत्तराच्या हातात त्यानंच पहिली काठी दिली होती. "काठी नाही गं, क्लब," सतीश दर वेळी सांगायचा. "माझ्यासाठी काठीच," असं उत्तर मिळायचं. विषय तिथं संपायचा.

आणि अशा या बाईवर लेकीची कॅडी, म्हणजे खेळताना तिची बॅग ओढणारी, व्हायची वेळ आली! नशिबाला थट्टा करायची हौस असते, दुसरं काय.

झालं ते असं. दोन हजार एकवीसचा जून. उत्तरा एकोणीस वर्षांची, आणि समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमधल्या एका जुन्या गोल्फ क्लबच्या मैदानावर मुलींची चार दिवसांची राष्ट्रीय स्पर्धा. त्या वर्षी तिला वेगळंच मोल होतं. जिंकणाऱ्या मुलीला ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या मेजरमध्ये थेट प्रवेश मिळणार होता. बायकांच्या गोल्फमध्ये वर्षाला अशा मोजून पाच मेजर स्पर्धा, आणि जगातल्या चांगल्या चांगल्या खेळाडूंना त्यातली एक खेळायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं झुरावं लागतं. उत्तराला ती जागा हवी होती. तशी ती जास्त बोलणारी मुलगी नाही. पण आदल्या वर्षी सगळं बंद पडलं, क्लबांना कुलपं लागली, तेव्हा या पोरीनं परसातल्या वाळत घालायच्या दोरीवर आईची जुनी सुती साडी दुहेरी करून टांगली आणि वसंतभर रोज सकाळी तिच्यावर बॉल मारले. साडीची चाळण झाली. मृणालिनीनं आधी आरडाओरडा केला, आणि मग एके दिवशी स्वतःच कपाटातून दुसरी साडी काढून दिली. लेकीला काय हवंय ते तिला त्या दिवशी कळलं होतं. गोल्फ नव्हतं कळलं, पण ते कळलं होतं.

तर तीन दिवस झाले, उत्तरा पहिल्या दोघींत, आणि शनिवारी संध्याकाळी सतीशची कोरोनाची टेस्ट पॉझिटिव्ह! बॅग ओढायला तोच जायचा. प्रेक्षकांना बंदी, प्रत्येक खेळाडूबरोबर फक्त एक माणूस, तोही घरचा असला तर बरा. उत्तराची आणि मृणालिनीची टेस्ट निगेटिव्ह आली आणि सतीश माळ्यावरच्या खोलीत कोंडला गेला. जेवणाचं ताट जिन्यात ठेवलं की तो दार किलकिलं करून उचलायचा आणि फोनवरून आभार मानायचा. एकाच घरात!

"मी येते," मृणालिनी म्हणाली.

उत्तरानं आईकडे पाहिलं. "आई, तुला काही येत नाही."

"ट्रॉली ओढता येते. आलबर्ट हाइनमधून आठवड्याचा बाजार कोण ओढून आणतं?"

सतीशनं माळ्यावरून व्हिडिओ कॉल लावला आणि खोकत खोकत शिकवणी घेतली. ती शॉट मारताना हलायचं नाही, बोलायचं नाही, सावली पाडायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पडलेल्या बॉलच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. "तुझ्या धक्क्यानं बॉल हलला तरी दंड तिला बसतो. एक शॉट जातो, म्हणजे तिच्या हिशेबात एक वाढतो, आणि कमी शॉटवालीच जिंकते. कळलं का? तू म्हणजे तीच, असा नियम आहे."

"कळलं, कळलं. बॉलला शिवायचं नाही. सोवळ्यातला आहे."

"मृणालिनी, चेष्टा नको."

"चेष्टा करत नाहीये रे. घाबरलेय, म्हणून बोलतेय."

रविवारी सकाळी वारा सुटला होता. समुद्र टेकड्यांच्या पलीकडे, दिसत नव्हता, पण वाऱ्याला खारट वास होता. शेवटच्या जोडीत उत्तरा आणि फ्लूर नावाची एक उंच, लाल वेणीची डच मुलगी. दोघी लहानपणापासून एकमेकींविरुद्ध खेळलेल्या. फ्लूरची बॅग तिच्या वडिलांकडे. कोपराला कोपर लावून नमस्कारचमत्कार झाले. गोल्फमध्ये एक पद्धत आहे, एकीचा हिशेब दुसरी ठेवते, म्हणजे फ्लूरचे शॉट उत्तरा टिपणार आणि उत्तराचे फ्लूर. मृणालिनीला ही गोष्ट फार गमतीची वाटली. प्रतिस्पर्ध्याच्या हातात आपलं पान द्यायचं! आपल्याकडे असं केलं तर पहिल्या पाच मिनिटांत भांडणं.

आणि मग खेळ सुरू झाला आणि बाई गप्प झाली. खरंच गप्प झाली, जन्मात कधी नव्हती तेवढी.

कारण तिनं लेकीला असं कधी पाहिलंच नव्हतं. घरात कपडे जमिनीवर टाकणारी, उठायला तीन हाका लागणारी, फ्रीज उघडून नुसती बघत उभी राहणारी ती हीच मुलगी? इथं तिची प्रत्येक हालचाल ठरलेली आणि शांत होती. ती बॉलच्या मागे उभी राहायची, लांब बघायची, वाऱ्यात चिमूटभर गवत सोडायची आणि मग फिरायची. ती फिरली की इतका गोड आवाज यायचा, आणि बॉल असा काही उंच जायचा, की मृणालिनीला टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या आणि ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून ती स्वतःला आवरायची. पाचव्या होलवर बॉल वाळूच्या खड्ड्यात पडला. मृणालिनीच्या तोंडचं पाणी पळालं. उत्तरा खाली उतरली, कपाळावरचा घाम पुसला आणि वाळूसकट बॉल असा उचलला की तो भोकातल्या झेंड्यापाशी जाऊन आज्ञाधारकपणे थांबला. वर आल्यावर तिनं आईला विचारलं काय, तर "केळं आहे का?"

"आहे की! घे, घे," म्हणत मृणालिनीनं केळं सोलूनच दिलं. अकरा वर्षं मी हे घरात बसून चिडवत काय राहिले, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

दोघी तोडीस तोड खेळत होत्या. फ्लूर एकनं पुढे जायची, उत्तरा गाठायची. अठरांपैकी सोळा होल झाले तेव्हा चार दिवसांचा सगळा हिशेब मिळून दोघी बरोबरीत होत्या. राहिले दोन.

सतराव्या होलवर वाऱ्यानं डाव साधला. उत्तराचा पहिला शॉट लांब गेला, पण हवेतच डावीकडे ढकलला गेला आणि टेकडीच्या उतारावर, गुडघाभर उंच गवतात पडला. फ्लूरचा बॉल मधोमध, कापलेल्या हिरवळीवर. बॉल शोधायला फार वेळ लागला नाही. उत्तरानंच पाहिला. "सापडला!" तिनं फ्लूरला हाक मारून सांगितलं. एका जाड झुबक्याच्या मुळाशी रुतून बसला होता, वाईट जागा. उत्तरा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आई, ट्रॉली इथेच उभी कर. मी वरून झेंडा बघून येते," आणि टेकडी चढून गेली.

मृणालिनीनं ट्रॉली उभी केली. लांब, चांगली चार हात लांब. पण खाली वाळू, वर वारा. ट्रॉली हळूच घसरायला लागली. "अगं बाई!" म्हणून तिनं झेप घेतली, दांडा पकडला, तोल सावरायला एक पाय मागे टाकला, आणि टाचेला काहीतरी टणक लागलं.

तिनं वळून पाहिलं. बॉल झुबक्यातून सुटून वीतभर पुढे, मोकळ्या, आखूड गवतावर जाऊन बसला होता. छान, स्वच्छ, मारायला एकदम सोपा.

आणि मृणालिनीचा हात आपोआप खाली गेला. बोटं बॉलला लागली आणि मग कपाळाला.

आता याला काय म्हणाल? पाय लागला की नमस्कार, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की मेंदूला विचारायची गरजच पडायची नाही. पुस्तकाला, कागदाला, माणसाला, कुणाच्या डब्याला. आणि या बॉलला तर नक्कीच, कारण ज्यावर आपलं काम चालतं त्या वस्तूला पाय लागू द्यायचा नाही. त्यांच्या घरात दसऱ्याला सतीशच्या लॅपटॉपशेजारी उत्तराच्या गोल्फच्या काठ्या मांडल्या जायच्या, आणि त्यांना हळदकुंकू, फुलं मृणालिनीच वाहायची. चिडवायची, पण वाहायची. उत्तरालाही तिनंच ही सवय लावली होती. इथल्या बालवाडीत असताना मुलीचा पाय कुणाच्या चित्रावर पडला आणि तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हा बाईंनी घरी फोन करून विचारलं होतं, की मुलीला काही त्रास आहे का.

मृणालिनीनं वर पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर उत्तरा उभी होती, झेंड्याकडे पाठ करून. आईकडेच बघत होती.

ती खाली आली. घाईनं नाही, नेहमीच्या चालीनं. "आई, पाय लागला का?"

आणि मृणालिनी म्हणाली, "नाही गं. कुठे काय?"

का म्हणाली? अहो, आई होती म्हणून म्हणाली! एक शॉट म्हणजे काय ते तिला कालच समजावलं होतं. बरोबरी चालली होती, दोन होल राहिले होते, आणि तिच्या एका आडमुठ्या टाचेनं पोरीचं वर्षभराचं स्वप्न मातीत जाणार होतं. कुणी पाहिलं नव्हतं. फ्लूर आणि तिचे वडील पलीकडे पाठमोरे होते, रेफरी लांब त्याच्या छोट्या गाडीत होता. आणि बॉल तर उलट बऱ्या जागी आला होता. "नाही" तोंडातून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही, पण निघालं, आणि तिनं ते परत घेतलं नाही.

उत्तरा हळू आवाजात म्हणाली, "आई, मग नमस्कार कशाला केलास?"

मृणालिनी आपल्या बुटाच्या टाचेकडे बघायला लागली.

"कुठे होता आधी? नीट दाखव."

तिनं बोट दाखवलं. झुबक्याच्या मुळाशी. उत्तरानं मान हलवली, फ्लूरला हाक मारली आणि हात उंच करून रेफरीला बोलावलं. मृणालिनी ट्रॉलीला धरून वाऱ्याच्या दिशेला उभी राहिली. दीड मीटरचं अंतर, तोंडावर मास्क, सोसाट्याचा वारा. तिघांचं डच बोलणं तिच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी येत होतं. एवढं मात्र दिसलं, की फ्लूर खांदे उडवून सांगतेय, मी काहीच पाहिलं नाही, आणि उत्तरा तिला शांतपणे समजावतेय. हेंक नावाच्या त्या पांढऱ्या मिशांच्या रेफरीनं मृणालिनीकडे एकदा निरखून पाहिलं, आणि एक बोट वर केलं. एक शॉट गेला होता.

उत्तरानं बॉल उचलला आणि स्वतःच्या हातानं परत झुबक्याच्या मुळाशी, होता तसा रुतवून ठेवला. मृणालिनीला ते बघवेना. मोकळ्या गवतावरून उचलून काट्यात ठेवायचा, तोही आपल्याच हातानं! मग पोरीनं पाय रोवले आणि मारला. गवताचा अख्खा गठ्ठा उडाला. बॉल वाऱ्याला चिरत गेला आणि ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या कडेला, झेंड्यापासून बराच लांब का होईना, पण ग्रीनवर पडला. लांबून हेंकनं नकळत टाळी वाजवली. तिथून बॉल भोकात जाईपर्यंत दोन शॉट लागले. फ्लूर एकनं पुढे गेली.

अठरावा होल. फ्लूर घाबरली होती, तिचा बॉल वाळूत गेला, तरी ती कशीबशी निभावून गेली. उत्तराकडे आता एकच मार्ग होता, दहाएक पावलांवरून बॉल थेट भोकात. गेला असता तर बरोबरी, आणि मग पुन्हा एक डाव. ती खाली बसून उतार बघत होती, फार वेळ बघत होती. मृणालिनीनं माहेरच्या, सासरच्या, गल्लीतल्यासुद्धा सगळ्या देवांना एका दमात हाका मारल्या. बॉल निघाला, वळला, भोकाच्या काठावर आला, काठावरून अर्धा फिरला आणि बाहेरच थांबला.

उत्तरानं टोपी काढली. फ्लूरकडे गेली आणि कोपर पुढे केलं. फ्लूरला रडू येत होतं, आणि उत्तरा तिला काहीतरी सांगून हसवत होती. जिंकणारीला हरणारी धीर देतेय! मृणालिनीला त्या क्षणी लेकीचा इतका अभिमान वाटला की छाती दुखायला लागली, आणि तितकीच स्वतःची लाज. मी हिला काय शिकवलं म्हणते? उलट हिनं मला शिकवावं.

क्लबहाउस बंदच होतं. बाहेरच्या फरसबंदीवर स्पर्धेचे दोन-तीन अधिकारी, फ्लूर, तिचे वडील असे सगळे लांब लांब उभे होते. हेंक मृणालिनीकडे आला, पाच फुटांवर थांबला आणि छातीवर हात ठेवून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, मला तुमचे आभार मानायचे आहेत. तीस वर्षं हे काम करतोय. अशा वेळी गप्प बसणारे कॅडी मी पुष्कळ पाहिले. तुम्ही मात्र आपण होऊन मुलीला सांगितलंत. तिनं मला लगेच सांगितलं, माझ्या आईनंच मला सांगितलं म्हणून. फार मोठं मन लागतं त्याला."

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. फ्लूरच्या वडिलांनी तर मान लववली.

मृणालिनीनं उत्तराकडे पाहिलं. उत्तरा ट्रॉलीचे पट्टे सोडण्यात एकदम गुंगून गेली होती. कान लाल झाले होते.

म्हणजे ही मुलगी, जिनं कुणी न पाहिलेला एक शॉट स्वतःहून सोडला, तिनं आईची लाज राखायला तेवढी एक थाप मारली होती. आयुष्यातली पहिली असेल, नाही तर दुसरी. आणि आता आईनं फक्त "थँक यू" म्हणायचं होतं. सोपं होतं. मोकळ्या गवतावरच्या बॉलसारखं सोपं.

"नाही," मृणालिनी म्हणाली. तिचं इंग्रजी ऑफिसात कसं फाडफाड चालायचं, इथं मात्र शब्द जड झाले. "नाही सर. मी सांगितलं नाही. तिनं विचारलं, आणि मी खोटं बोलले. पाय लागला नाही असं म्हणाले. तिनं स्वतः ओळखलं. टाळ्या तिच्यासाठी वाजवा."

हेंकनं आधी आईकडे, मग लेकीकडे पाहिलं. मिशीतल्या मिशीत त्याचे ओठ हलले. "बरं," तो म्हणाला, "दंड एकच. तो दिलेला आहे." आणि त्यानं उत्तराकडे वळून टोपी काढली, पूर्ण काढली, आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

दोघी गाडीपाशी आल्या. ट्रॉली डिकीत घालताना उत्तरा फटकन म्हणाली, "कशाला सांगितलंस आई? मी मॅनेज केलं होतं ना! कुणाला कळलं नसतं."

"तू हातातली स्पर्धा सोडलीस, आणि मी फुकटची शाबासकी खिशात घालून घरी येऊ?" मृणालिनी म्हणाली. "तेवढी निर्लज्ज नाहीये गं मी. थोडी आहे. पण तेवढी नाही."

उत्तरा हसायला गेली आणि तिचा चेहरा एकदम कोसळला. चार दिवस न डगमगलेली, फ्लूरला हसवणारी ती मुलगी डिकीच्या काठावर मटकन बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके द्यायला लागली.

"मला जिंकायचं होतं गं आई. मला खूप जिंकायचं होतं."

"माहितीय बाळा," मृणालिनी म्हणाली आणि वाळूनं भरलेल्या बुटांसकट, घामासकट तिला कुशीत घेतलं. "मला माहितीय. माझ्यामुळे गेलं."

"तुझ्यामुळे नाही गेलं," उत्तरा तिच्या खांद्यात नाक खुपसून म्हणाली. "शेवटचा शॉट माझा होता. तो मी चुकवला."

पार्किंगमध्ये वारा होता तसाच होता. मृणालिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि पोरीचं रडणं थांबेपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.